किल्ली आणि वारसा

आमच्या वडिलांच्या पिढीतील माणूस मागे काय ठेवून गेला, हे शोधण्यास कोणाला फार कष्ट पडत नसत. पलंगाखाली पत्र्याची एक पेटी असे. तिच्यात जमिनीचा सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, पोस्टाचे पासबुक, विम्याची पॉलिसी, लग्नाचा दाखला आणि एखाद्या जीर्ण वहीत कोणाकडून किती येणे व कोणाला किती देणे यांची टिपणे असत. पेटीची किल्ली तसबिरीमागच्या खिळ्याला नाहीतर घरातल्या बाईच्या कनवटीला. महिन्याची मिस्सा झाली, की घरातील वडीलधारी माणसे एकत्र बसत, पेटी उघडत आणि जे काही असेल ते सर्वांच्या देखत ओट्यावर मांडले जाई. पेटीबरोबर जुनी भांडणेही कधी कधी उघडत, हे खरे. परंतु भांडावयाचे कशासाठी, हे तरी सर्वांना ठाऊक असे.

ती पेटी आता बहुतेक घरांतून नाहीशी झाली आहे आणि तिच्यातील कागद मोबाईल फोनमध्ये जाऊन बसले आहेत. बँकेचे पासबुक भरून आणण्यास कोणी जात नाही. खात्याचे विवरण ई-मेलने येते. शेअर डीमॅट खात्यात असतात, म्युच्युअल फंडाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला आपोआप कापला जातो, विम्याचे पैसे ॲपमधून आणि विजेचे बिल यूपीआयने भरले जाते. पूर्वी पोस्टमनने आणून दिलेल्या लाभांशाच्या पाकिटावरून तरी बायकोला कळे, की आपल्या नवऱ्याने कोणत्या कंपनीचे शेअर घेतले आहेत. आता ते पाकीटही येत नाही. त्याच फोनमध्ये मुलीच्या प्रथम कम्युनियनची छायाचित्रे असतात, परदेशी गेलेल्या मुलाची पत्रे असतात, नातवाचे पहिले बोबडे बोल असतात आणि आता हयात नसलेल्या आजीने लग्नघरी गायिलेली गाणी असतात. एवढ्या साऱ्या ऐवजाला कुलूप असते ते सहा आकड्यांचे, आणि ते आकडे बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असतात.

निवृत्तीनंतर आम्ही आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना कागदपत्रांच्या कामी थोडाफार हातभार लावीत आलो आहोत. आम्ही वकील नव्हे. अर्ज कसा लिहावा, कोणता दाखला कोठे मिळतो, सही कोणाची लागते, एवढेच आम्हांस सांगता येते. परंतु या कामात एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानी आली. मृत्यूनंतर घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, हक्क कोणाचा? दुसरा, किल्ली कोणाकडे? हे दोन प्रश्न निराळे आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी असतात. ती एकच समजली गेली, की चांगल्या घरांतही कलह शिरतो.

आमच्या शेजारच्या वाडीतील एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. घरातील कर्ते गृहस्थ आखातात सतरा वर्षे नोकरी करून परत आले होते. वय चोपन्न. एके रात्री छातीत कळ आली आणि सकाळ पाहण्यापूर्वीच ते गेले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि एक्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका. पैशाचे सर्व व्यवहार यजमानांनी फोनवर केलेले; त्यांतील कशाचाही कागद घरी नव्हता. बँकेत कोणते खाते आहे, ठेव किती आहे, हे शोधण्यातच दोन महिने गेले. अखेर एका बँकेत अठरा लाखांची ठेव निघाली; पण तिच्यावर नॉमिनी म्हणून नाव होते ते त्या गृहस्थांच्या आईचे! खाते उघडले तेव्हा ते अविवाहित होते. पुढे लग्न झाले, मुले झाली, ठेवीचे नूतनीकरण आपोआप होत राहिले आणि नॉमिनीचे नाव बदलण्याचे राहून गेले. पत्नीस बँकेने सांगितले, “आपले नाव नाही, आम्ही आपल्याशी बोलू शकत नाही.” तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा हेच उत्तर.

नियमाप्रमाणे बँकेने रक्कम मातोश्रींच्या हाती दिली. मग मृताच्या भावाने म्हटले, “नाव आईचे आहे, तेव्हा पैसे आईचे.” असे मानणारी माणसे आमच्या समाजात शेकड्याने आहेत आणि त्यांच्या मनात कपट असतेच असे नाही. कायद्याने पाहिले तर मात्र गोष्ट अगदी उलट आहे, आणि ती प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे.

आपल्याला वारसाच्या बाबतीत १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू पडतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर कायदाच त्याच्या मालमत्तेची वाटणी ठरवितो. मागे पत्नी व मुले असतील तर पत्नीस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, समान भागांनी. मुलगा व मुलगी यांत हा कायदा कसलाही भेद करीत नाही. नव्वद लाखांची मालमत्ता आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर पत्नीचे तीस लाख आणि तिन्ही मुलांचे वीस-वीस लाख. मुलगी सासरी गेली आहे, तिच्या लग्नात खर्च झाला आहे, या गोष्टी घरात बोलल्या जातात. कायद्यात त्यांना जागा नाही. केरळातील त्रावणकोर भागात ख्रिस्ती मुलींना जुन्या संस्थानी कायद्यामुळे नाममात्र वाटा मिळत असे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९८६ साली तेथील भगिनींनाही समान हक्क मिळाला. आपल्याकडे तो कायद्याच्या पुस्तकात आधीपासून आहे. ओट्यावर तो किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावे.

याच कायद्यातील आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मृताला मुले असतील तर त्याच्या आईवडिलांना काहीही वाटा मिळत नाही. मुले नसतील तर पत्नीस अर्धे आणि उरलेले अर्धे वडिलांस. वडील हयात नसतील, तर ते अर्धे आई आणि भावंडे यांत वाटले जाते. परंतु मुले असली की म्हाताऱ्या आईचा हात रिकामा. वरील कुटुंबात म्हणून अठरा लाखांपैकी सहा लाख पत्नीचे, सहा मुलाचे, सहा मुलीचे. ज्या मातोश्रींच्या हाती सारी रक्कम आली होती, त्यांचा त्यातील एका रुपयावरही हक्क नव्हता. किल्ली त्यांच्याकडे होती, मालकी दुसऱ्यांची होती.

नॉमिनी हा मालक नव्हे, तर मालमत्ता स्वीकारून ती खऱ्या वारसांपर्यंत पोहोचविणारा विश्वस्त आहे, हे आपल्या न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. शेअर आणि म्युच्युअल फंड यांच्याबाबत थोडी शंका होती. तीही १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दूर केली. तो खटला मराठी घरांत भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचे संस्थापक कै. जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेविषयीचा होता. नामनिर्देशनाने वारसा ठरत नाही, तो मृत्युपत्राने किंवा उत्तराधिकाराच्या कायद्याने ठरतो, असा त्या निकालाचा अर्थ आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेचेही तसेच. महाराष्ट्रातील सहकार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येते. कायमचा हक्क वारसांचाच. विम्याची गोष्ट थोडी निराळी आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांना नॉमिनी म्हणून विशेष स्थान दिले आहे आणि त्याचा नेमका अर्थ काय, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तेव्हा विम्याच्या बाबतीत वाद दिसताच जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा हे बरे.

असे असले तरी नॉमिनीचे नाव बिनमहत्त्वाचे आहे, असे कोणी समजू नये. ते नसले तर दार उघडतच नाही. वारसांना दाखले, हमीपत्रे आणि प्रसंगी न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट यांच्या मागे धावावे लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीवर एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे देता येतात. एकाच वेळी टक्केवारी ठरवून, किंवा एकामागून एक अशा क्रमाने. पत्नी आणि मुले यांची नावे कायद्यातील वाट्यांप्रमाणे किंवा आपल्या मृत्युपत्राप्रमाणे घातली, तर किल्ली आणि मालकी एकाच हाती येतात आणि अर्धी भांडणे तेथेच मिटतात. ज्यांची खाती लग्नापूर्वीची आहेत, त्यांनी तरी या आठवड्यातच बँकेत जाऊन यावे.

त्या मातोश्रींनी काय केले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही त्यांना कायदा समजावून सांगण्यास गेलो, तेव्हा त्यांनी आम्हांला मध्येच थांबविले. म्हणाल्या, “बँकेने माझ्या हातात ठेवले म्हणून ते माझे झाले का? ज्याचे त्याला द्या.” धाकट्या मुलाचे त्यांनी ऐकले नाही. रक्कम तिघांच्या खात्यांत जमा झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी सूनबाईंनी आपल्या सहा लाखांतून दीड लाख बाजूला काढून सासूबाईंच्या औषधपाण्यासाठी त्यांच्या नावे ठेव केली. तसे करण्यास कोणत्याही कायद्याने त्यांना सांगितले नव्हते. त्या ठेवीवर नॉमिनी कोण, हेही त्यांनी विचारपूर्वक लिहविले.

प्रत्येक घरी असे घडेल, असा भरवसा कोणी द्यावा? ज्याला म्हाताऱ्या आईची काळजी आहे, अपंग मुलाची चिंता आहे, सेवा करणाऱ्या बहिणीला काही द्यावेसे वाटते, त्याने मृत्युपत्र करावे. आपल्याकडे मृत्युपत्राचे नाव काढणे अशुभ मानणारे लोक आहेत. जणू सही केली की दुसऱ्या दिवशी बोलावणे येते! प्रत्यक्षात ते अतिशय साधे काम आहे. वय अठरा पूर्ण असावे, बुद्धी शाबूत असावी, मृत्युपत्रावर आपली सही असावी आणि ती सही आपण केल्याचे पाहिलेल्या किंवा आपल्याकडून ऐकलेल्या दोन साक्षीदारांनी आपल्या समक्ष सह्या कराव्यात. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. वाटल्यास नोंदणी करता येते, किंवा मोहोरबंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. पूर्वी मुंबईसारख्या शहरात आपल्या मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रोबेट घ्यावे लागे. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती व्यक्तींची त्या सक्तीतून सुटका झाली.

परंतु आपल्या समाजाने दोन खाचखळगे विशेषेकरून ध्यानात ठेवावेत, कारण आपल्या हिंदू शेजाऱ्यांना ते लागू नसल्यामुळे त्यांच्याकडून ते आपल्या कानी पडत नाहीत. पहिला साक्षीदाराविषयी. ज्याला मृत्युपत्रात काही दिले आहे, त्याने किंवा त्याच्या पती-पत्नीने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेली देणगी रद्द होते. मुलीला घर दिले आणि जावईबापूंना साक्षीला बसविले, की मुलगी त्या घरास मुकली. दुसरा लग्नाविषयी. आपण केलेले मृत्युपत्र पुढे आपले लग्न झाले की रद्द होते. जहाजावर वा आखातात जाताना आईच्या नावे मृत्युपत्र करून गेलेल्या तरुणाने, तसेच उतारवयात पुनर्विवाह करणाऱ्या विधुराने, लग्नानंतर ते नव्याने करावे. गोव्याचे अधिवासी असलेल्या आमच्या बांधवांना मात्र निराळा कायदा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालविणाऱ्या तेथील कायद्यात वारसांसाठी मालमत्तेचा अर्धा भाग राखीव असतो आणि तो मृत्युपत्राने हिरावता येत नाही. ज्यांचे सोयरसंबंध तिकडे आहेत, त्यांनी तेथील जाणकारांना विचारूनच पाऊल टाकावे.

येथे एक प्रश्न तरुण वाचक विचारतील. सारे काही फोनवर होते, मग मृत्युपत्र फोनवर का लिहू नये? तसे करता येत नाही. संगणकीय दस्तऐवजांना कागदाची मान्यता देणाऱ्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला त्यातून मुद्दाम वगळले आहे. ई-मेलने पाठविलेले, ध्वनिमुद्रित केलेले किंवा व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या गटात टाकलेले “माझ्यामागे घर थोरल्याला द्या” हे वाक्य मृत्युपत्र ठरत नाही. कागद, शाई आणि दोन माणसांच्या सह्या यांना अजून पर्याय नाही.

आता पुन्हा त्या सहा आकड्यांच्या कुलपाकडे येऊ. फोनमधल्या ऐवजाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची वाट सर्वस्वी भिन्न आहे. पहिला प्रकार पैशाचा. बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा, भविष्य निर्वाह निधी यांतील रक्कम मिळविण्यासाठी मृताचा पासवर्ड लागत नाही. मृत्यूचा दाखला, ओळखीचे कागद आणि मागणीचा अर्ज लागतो. लागते ती फक्त माहिती, की खाते आहे आणि ते कोठे आहे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली बँकेतील ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. तरीही वारसांना ती परत मागता येते आणि अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली ‘उद्गम’ नावाची संगणकीय सोय केली आहे. याला अपवाद एकच. बिटकॉइनसारखे आभासी चलन ज्याने कोणत्याही मध्यस्थाविना स्वतःच्या गुप्त किल्लीने सांभाळले आहे, त्याची किल्ली हरवली की मालमत्ता कायमची गेली. तेथे दाद मागावयास कचेरीच नाही. आपला एखादा मुलगा त्या मार्गाला लागला असेल, तर निदान ती किल्ली लिहून ठेवावयास त्याला सांगावे.

पासवर्ड लागत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कारण पुष्कळ घरांत उलटे घडते. अंत्यविधी होण्यापूर्वीच कोणीतरी मृताचे एटीएम कार्ड घेऊन पैसे काढून आणतो, अथवा त्याच्या फोनवर आलेला ओटीपी वापरून रक्कम आपल्या खात्यात वळवितो. हेतू शवपेटीचा नाहीतर रुग्णालयाचा खर्च भागविण्याचा असेल. परंतु माणूस गेला त्या क्षणी ती रक्कम सर्व वारसांची झाली आणि खातेदाराने दिलेली मोकळीकही त्याच्याबरोबर संपली. पिन ठाऊक असणे म्हणजे हक्क असणे नव्हे. पुढे एखाद्या भावाने हिशेब मागितला, तर चांगल्या मनाने केलेल्या कामाचा डाग धुता धुता नाकी नऊ येतात. मात्र मृताचा मोबाईल क्रमांक घाईने बंद करू नये. तो काही काळ चालू ठेवला, तर बँकांचे व कंपन्यांचे संदेश येत राहतात आणि कोठे काय आहे याचा सुगावा लागतो. क्रमांक बंद पडला, की पुढे तो परक्याच माणसाला दिला जातो.

दुसरा प्रकार आठवणींचा, आणि येथे मात्र किल्लीवाचून काही चालत नाही. छायाचित्रे, पत्रे, आवाज यांना बाजारात किंमत नाही. म्हणून त्यांच्यासाठी कोणतीही कचेरी अर्ज घेत बसत नाही. ज्या शिक्षिका बाईंची हकीकत वर सांगितली, त्यांच्या यजमानांचा फोन मुलांनी उघडण्याचा प्रयत्न केला. जन्मतारखा घालून पाहिल्या, लग्नाची तारीख घातली, धर्मग्रामाच्या सणाची तारीख घातली. फोन कुलूपबंद झाला तो झालाच. शेवटच्या चार वर्षांतील बहुतेक छायाचित्रे त्यातच होती. तो फोन कपाटात आहे. बाई दर रविवारी तो चार्जिंगला लावतात. पडद्यावर चौघांचे एकत्र छायाचित्र उमटते, तेवढेच दिसते.

या बाबतीत मोठ्या कंपन्यांनी काही सोयी केल्या आहेत, पण त्या आपण हयातीतच करून ठेवावयाच्या असतात. गुगलने २०१३ साली अशी व्यवस्था आणली, की आपण ठरविलेल्या मुदतीपर्यंत खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या दहा जणांपर्यंतच्या माणसांना त्यातील निवडक गोष्टी मिळाव्यात. ही मुदत तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत ठरविता येते. काहीच ठरविले नाही, तर दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते कंपनी पुसून टाकू शकते. फेसबुकवर २०१५ पासून आपल्यामागे आपले पान सांभाळणारा माणूस नेमता येतो. त्याला त्या पानावर श्रद्धांजलीचा मजकूर लिहिता येतो, खासगी संदेश मात्र वाचता येत नाहीत. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये तशी सोय आणली. नेमलेल्या व्यक्तीला एक किल्ली मिळते आणि मृत्यूच्या दाखल्यासह ती सादर केल्यावर छायाचित्रे व टिपणे हाती येतात. व्हॉट्सॲपचे खाते साधारणतः १२० दिवस न वापरल्यास बंद होते. विकत घेतलेली गाणी किंवा चित्रपट यांचा वारसा मात्र सहसा चालत नाही, कारण आपण घेतला असतो तो केवळ वापरण्याचा परवाना. आजोबांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या नातवाला मिळाल्या. बापाच्या फोनमधली गाणी मुलाला मिळतीलच असे नाही.

याविषयी जगभर गाजलेला एक खटला जर्मनीतील आहे. २०१२ साली बर्लिनमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीचा भुयारी रेल्वेखाली मृत्यू झाला. तो अपघात होता की आणखी काही, या प्रश्नाने आईवडिलांचे काळीज पोखरले. मुलीचे फेसबुकवरील संदेश पाहिले तर काही उमगेल, अशी त्यांना आशा होती. कंपनीने नकार दिला. मुलीशी बोलणाऱ्या इतरांचाही खासगीपणा जपावयास हवा, असे तिचे म्हणणे. सहा वर्षांनी, १२ जुलै २०१८ रोजी, तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला, की खाते वारशाने आईवडिलांकडे जाते. कागदावरची पत्रे आणि रोजनिशी वारसांकडे जातात, मग संगणकातील मजकुराला निराळा न्याय का, असा त्या न्यायालयाचा विचार होता. आपल्या देशात संगणकीय मालमत्तेच्या वारशासाठी स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यास आपल्या माहितीविषयीचे हक्क बजावण्यासाठी कोणाला तरी नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाचे ठरले आहे.

त्या आईवडिलांचे दुःख कोणालाही समजेल. तरीही मृताच्या फोनमध्ये जे जे आहे ते ते वारसांनी वाचावे, असे आम्हांस वाटत नाही. आमच्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रत्येक माणसाच्या मुठीत काही तरी झाकलेले असते. एखाद्या मित्राने आपल्या अडचणीत लिहिलेले पत्र असते, कोणाला गुपचूप केलेल्या मदतीची नोंद असते, भावाविषयी रागाच्या भरात लिहिलेली आणि नंतर विसरलेली दोन वाक्ये असतात. ती वाचून मागे राहिलेल्यांच्या मनात जे घर करील, त्याचे उत्तर देण्यास तो माणूस हजर नसतो. म्हणून काय उघडावे आणि काय न वाचता पुसून टाकावे, हे ज्याचे त्याने आधीच सांगून ठेवणे उत्तम. छायाचित्रे सर्वांना द्या, पत्रव्यवहार पुसून टाका, अशा दोन ओळीही पुरतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. एक वही घ्यावी. तिच्यात बँका, शाखा, ठेवी, पॉलिसी, डीमॅट, फंड, कर्जे आणि उसनवारी लिहावी. प्रत्येकाच्या पुढे नॉमिनीचे नाव लिहावे. बँकेचे पिन व पासवर्ड तिच्यात लिहू नयेत. त्यांची गरज नाही आणि धोका मात्र आहे. फोनचा व ई-मेलचा आकडा एका बंद लिफाफ्यात निराळा ठेवावा आणि लिफाफा कोठे आहे हे दोन विश्वासू माणसांना सांगावे. तो आकडा मृत्युपत्रात लिहू नये, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या डोळ्यांखालून जाते, आणि आकडा तर आपण दर वर्षी बदलतो. मृत्युपत्रात फक्त एवढे लिहावे, की माझा फोन, माझी संगणकीय खाती व त्यांतील छायाचित्रे यांची व्यवस्था अमुक व्यक्तीने पाहावी. वर्षातून एकदा वही ताजी करावी. आमच्याकडे पुष्कळ कुटुंबे नोव्हेंबरात दफनभूमीत कबरी स्वच्छ करून फुले वाहतात. त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन अर्धा तास वही उघडावी, म्हणजे वेगळा मुहूर्त शोधावा लागणार नाही.

हे काम पतीने एकट्याने करू नये. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त हाल होतात ते ज्या बाईला “तुला काय करायचंय, मी आहे ना” असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तिचे. तो वाक्य प्रेमानेच बोललेला असतो. परंतु एके दिवशी तो नसतो आणि तिला बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून आपल्याच संसाराची माहिती परक्यांना विचारावी लागते. पत्नीला शेजारी बसवून, मोठ्या मुलामुलींना बोलावून, काय आहे आणि कोणासाठी आहे हे एकदा मोकळेपणाने सांगावे. मुली सासरी असतील तर त्यांनाही बोलवावे; कायद्याने त्यांचा वाटा समान आहेच, निदान माहितीत तरी त्यांना परके करू नये. त्या बैठकीत एखादा शब्द वाढेल, कोणी रुसेलही. पण रुसलेल्याची समजूत घालावयास आपण तेथे हजर असू.